प्रॅक्टिकलची मला काळजी नाही

३ ऑगस्ट, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून कॉलेज. वय एकावन्न वर्षं चार महिने. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, नोकरदारांची सकाळची बॅच, सात दहा ते दहा वीस. तयारी चोख. दोन पेनं, एक जादा पेन, पेन्सिल चाकूने टोक काढलेली. शार्पनरवर माझा विश्वास नाही. भीती अजिबात नाही. झोप लागली नाही ती उकाड्यामुळे.

कारण लिहून ठेवतो. पंपाच्या कारखान्यात मोटर वाइंडिंग खात्याचा मी नऊ वर्षं सुपरवायझर. मला कोणी शिकवलेलं नाही. लोकांनी भरलेल्या जळक्या मोटरी उसवायच्या, तारेचे वेढे मोजायचे, पुन्हा भरायच्या, असा एकतीस वर्षांत शिकलो. आता वरून नियम आला की सुपरवायझरला डिप्लोमा हवा. साहेब म्हणाले, पहिली सहामाही सगळ्या विषयांत पास होऊन दाखवा, तुमची खुर्ची मी सांभाळतो. नाहीतर एक मार्चपासून तुम्ही परत वाइंडिंगच्या बाकावर. ते हसत म्हणाले. मीही हसलो. कप बशीवर वाजत होता. बशी सपाट नसावी.

त्याच दिवशी, १०.५०
सव्वासहालाच गेटवर पोचलो. वॉचमन म्हणाला, पालकांनी ऑफिसात थांबायचं. झेरॉक्सच्या दुकानामागे जाऊन पन्नास मिनिटं उभा राहिलो. लपलो नव्हतो. तिथे सावली होती.

५ ऑगस्ट
गणित. मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार तर सात वर्षांनी मोठ्या. फळ्यावर आकडे कमी, अक्षरं जास्त. मी कॉइलचा हिशेब तोंडी करतो, तेव्हा हे काही नवीन नाही. मॅडम म्हणाल्या, काका, तुम्ही सांगा. उभा राहिलो. गुडघा बाकावर आपटला. मग म्हटलं, उद्या सांगतो.
वर्ग हसला. खाली बसल्यावर नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. एकशे बारा. जिने तीन आहेत, त्याचा परिणाम.

६ ऑगस्ट
गेलो नाही. पोट बिघडलं. पाण्याचा दोष. तेच पाणी घरात तिघांनी प्यालं, पण त्या दोघींना सवय आहे.

१० ऑगस्ट
संकल्प. रोज सव्वाचारला उठणे. रोज वीस गणितं. शेवटच्या बाकावर न बसणे.

११ ऑगस्ट
सव्वासहाला उठलो. शेवटच्या बाकावर बसलो. तिथून फळा जास्त सरळ दिसतो.

२ सप्टेंबर
मुलीने शिकवायला घेतलं. बारावीला आहे. ती म्हणाली, बाबा, दोन्ही बाजूंना चारने भागा. म्हटलं, कशाला, कोणी सांगितलंय? ती म्हणाली, मीच सांगतेय ना आत्ता. तिच्या आईला भाजी निवडता निवडता तोंड घालायचंच होतं. म्हणाली, अख्खा जन्म लोकांच्या चुका काढल्यात, आता तुमची कोणी काढली की लगेच घाम फुटतो. मी म्हटलं, पंखा बंद आहे.
पंखा चालू होता.

९ सप्टेंबर
लॅब. इथे मात्र जीव शांत झाला. तेलाचा, जळक्या वार्निशचा वास. लॅबवाले सर हडकुळे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक प्रयोग जर्नलमध्ये लिहायचा असतो: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. जे मी तीन मिनिटांत करतो त्याची कृती तीन पानं. कोपऱ्यातल्या एका मोटरीला मी नुसता कान लावला आणि सांगितलं, हिचं पुढचं बेअरिंग दोन महिन्यांत जाणार. सर म्हणाले, बरोबर असेल काका, पण हे कुठल्या मथळ्याखाली लिहाल?
ठरवलं. प्रॅक्टिकलच्या तासाला लायब्ररीत बसून गणित करायचं. धोका आहे तो गणितात. सर म्हणाले, जर्नल पूर्ण करत चला, मार्क त्याचेच असतात. म्हटलं, सर, प्रॅक्टिकलची मला काळजी नाही.

१८ सप्टेंबर
कारखान्यात कोणाला विशेष सांगितलेलं नाही. सकाळी कॉलेजात असतो, एवढंच. शिकायला की शिकवायला, हे त्यांनी विचारलं नाही. आज एक वाइंडर म्हणाला, पोरं ऐकतात का तुमचं? म्हटलं, शांत असतात. खोटं काय आहे त्यात.

१५ ऑक्टोबर
गणिताची चाचणी. वीसपैकी तीन. पेपर गादीखाली ठेवला, सुरकुत्या पडू नयेत म्हणून. हिला सापडला. मी सांगितलं, तो हजेरी क्रमांक आहे. ही म्हणाली, मग हजेरी क्रमांकाखाली रेघ मारून वीस कशाला लिहिलेत?

६ नोव्हेंबर
साहेबांनी सुताराला पाठवलं. त्याने माझ्या टेबलाची मापं घेतली. लांबी, रुंदी, मग खुर्चीपासून भिंतीपर्यंत. कशासाठी ते विचारणार होतो. वेळ झाला नाही. तो गेल्यावर मी स्वतः मापं घेतली. त्याची रुंदी अर्ध्या इंचाने चुकली आहे. हे साहेबांना सांगावं का?

२० नोव्हेंबर
बाकाचं स्वप्न पडलं. वाइंडिंगच्या बाकावर बसलोय, तारेला टोकच नाही, आणि सगळे वाइंडर गणिताच्या मॅडमचा चष्मा लावून बघतायत. संध्याकाळी मुलीला म्हटलं, पहिल्या धड्यापासून परत सांग. ती म्हणाली, बाबा, परत म्हणजे पाचव्यांदा. पण सांगितलं. पोरगी चिवट आहे. माझ्यावर गेली.

११ डिसेंबर, दुपारी १.३०
गणिताची लेखी परीक्षा. प्रश्नपत्रिका पाहिल्यावर पहिली आठ मिनिटं अक्षरं जागेवर थांबेनात. तीनदा पाणी. पर्यवेक्षक म्हणाले, बरं वाटत नाही का? म्हटलं, उत्तम. मग मुलीने पाच वेळा सांगितलं होतं तेवढंच लिहिलं. कोरे सोडलेले प्रश्न चार. संपलं सगळं. बस दोन स्टॉप पुढे गेल्यावर कळलं की उतरायचं होतं.

१६ डिसेंबर, सकाळी ९.४५
प्रॅक्टिकल. आज पहिल्यांदा हात कोरडे.
बारा जण, एकच मोटर, आळीपाळीने. चिठ्ठीत माझा पहिला नंबर. प्रश्न असा: दिलेल्या मोटरमधील दोष शोधा व अहवाल लिहा. वेळ पंचवीस मिनिटं. बटण दाबलं. घुं करून जागच्या जागी थरथरली, फिरली नाही. एका कॉइलची टोकं उलटी जोडलेली, हे मला बटण सोडायच्या आत कळलं. लाइन बंद केली, झाकण काढलं, टोकं बदलली, झाकण लावलं. चार मिनिटं दहा सेकंद. मोटर लोण्यासारखी फिरली. उत्तरपत्रिकेवर लिहिलं: मोटर दुरुस्त करून दिली आहे. खाली सही, तारीख. बाकी वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.
मग तोंडी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, दोष कसा ओळखलात? म्हटलं, ऐकून. कुठल्या नियमाने? म्हटलं, एकतीस वर्षांच्या. त्यांनी जर्नल उघडलं. त्यात दोन प्रयोग. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. भारावले असावेत.
पन्नासपैकी पन्नास देत नाहीत म्हणतात. अठ्ठेचाळीस धरू.

त्याच दिवशी, १२.३०
घोटाळा झाला, पण माझा नाही. माझ्यानंतरचा मुलगा बाहेर येऊन म्हणाला, मोटर तर चांगली चालतेय. त्याच्या मागची मुलगीही तेच म्हणाली. चौथ्याने घाबरून लिहिलं की दोष म्हणजे आवाज फार कमी येतो. पाचव्याच्या वेळी परीक्षकांनी स्वतः बटण दाबलं.
लॅबवाले सर मला शोधत कँटीनमध्ये आले. हळू आवाजात म्हणाले, काका, तो दोष मी नऊ वर्षं जपला होता. दर परीक्षेला तोच असायचा. शोधायचा होता, काढायचा नव्हता. मग म्हणाले, होता तसा परत करून देता का? मी म्हटलं, सर, चांगली मोटर बिघडवायला हा हात कधी लावला नाही, आज लावणार नाही. ते स्वतःच गेले. दहा मिनिटांत लॅबमधून धूर. उरलेल्यांची परीक्षा उद्यावर. जिन्यात कोणी माझ्याशी बोललं नाही. हेवा माणसाला मुका करतो.

२१ जानेवारी
निकाल लागलेला नाही. गणित गेलं यात शंका नाही. साहेबांना काय सांगायचं ते पाठ केलं आहे: साहेब, हातात कसब असलं की अक्षरांचं काय घेऊन बसलात. आरशासमोर म्हटलं. 'कसब'च्या पुढे आवाज जात नाही. थंडीमुळे.

२२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.०५
गणित शंभरपैकी चाळीस. पासाला चाळीसच लागतात. तीनदा वाचलं. बोर्डापाशी कोणाचा तरी खांदा धरला, तो गणिताच्या मॅडमचा होता. त्या म्हणाल्या, काका, मी म्हटलं नव्हतं, जमेल म्हणून?
खालची ओळ नंतर वाचली.
प्रॅक्टिकल: पन्नासपैकी अकरा. नापास.

त्याच दिवशी, दुपारी ३
साहेबांना निकाल दाखवला. गणिताजवळ म्हणाले, वा. मग खाली आले. अहो, प्रॅक्टिकलमध्ये? तुम्ही? आणि कागद उलटून मागची बाजू बघितली. तिथे काही नव्हतं. पाठ केलेलं वाक्य यात कुठेच बसेना. म्हणून मी आभार मानले.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, पण गणित सुटलं ना बाबा. आणि खोलीत गेली, दार लावून. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, ती मोटर तरी चालते ना अजून?
म्हटलं, जळली.

१ मार्च
बाकावर. नवे सुपरवायझर चोवीस वर्षांचे, डिप्लोमा. मला काका म्हणतात. टेबल नवीन आलंय, अर्धा इंच रुंदीला जास्त, दार पूर्ण उघडत नाही. सांगितलं नाही. वाइंडरांनी माझ्यासाठी बाकाचं खिडकीजवळचं टोक रिकामं ठेवलं होतं.

३ मार्च, सकाळी ८
प्रॅक्टिकल पुन्हा द्यायचं, म्हणून जर्नल पहिल्यापासून. लॅबवाले सर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, काका, मनावर घेऊ नका. आजूबाजूला इतर बॅचांची नापास पोरं, सगळी माझ्या मुलीच्या वयाची. प्रयोग क्रमांक एक: हत्यारांची ओळख. उद्देश लिहिला. साहित्य लिहिलं. पेन्सिलने स्क्रू ड्रायव्हरचं चित्र काढलं, मुठीला बाण करून मूठ असं लिहिलं. त्यापुढे 'उपयोग' असा रकाना आहे. तो बराच वेळ कोरा ठेवला. चुकेल अशी भीती वाटली.
शेवटी सरांना विचारून लिहिलं: स्क्रू फिरवणे.