गायीच्या कानातला बिल्ला

बाबा, आमच्या खाणीच्या फाटकावर आज एक नवी मुलगी कामाला आली. जे तुला दोन मिनिटं थांबून सांगायला हवं होतं, ते मी तिला अर्धा तास शिकवलं. टॅग, म्हणजे ओळख सांगणारे बिल्ले, दोन तऱ्हेचे असतात. आमच्या खनिज वाहणाऱ्या टिपरांवर डबी असते, तिच्यात बॅटरी. ती स्वतःहून हाका मारत राहते, म्हणून गाडी लांबच्या वळणावर असली तरी माझ्या स्क्रीनवर दिसते. बॅटरी संपली की तिची बोलती बंद. दुसऱ्या टॅगात बॅटरीच नसते. वाचायचं यंत्र अगदी जवळ नेलं, की त्याच्याच लहरींतून चिमूटभर वीज घेऊन तो आपला नंबर सांगतो आणि पुन्हा मुका होतो. वर्षानुवर्षं टिकतो, पण आपणहून हाक मारणं त्याला जमत नाही.

आपल्या तांबड्या गायीच्या कानात गुरांच्या डॉक्टरांनी हा मुका बिल्ला मारला, ती सकाळ. तू गोठ्याच्या दारात उभा आहेस, हात शेणाने भरलेले, चेहरा खुललेला. "बाय, आता गाय खंय आसा ता तुझ्या मशिनीर दिसतला मगे?" मी चपला घालत होते. "होय," म्हटलं.

मग पावसाळ्यात एका संध्याकाळी गाय मुळगावच्या घरी वेळेवर परतली नाही. तू छत्री घेऊन थेट फाटकावर आलास. "बघ गे, खंय दिसता?" ड्रायव्हर हसले आणि मला तुझी लाज वाटली. "बाबा, ती काय टिपर आहे? जा घरी!" तू एवढंच म्हणालास, "तूच सांगलंस मगे." आणि गेलास, पण घरी नाही. खाणीच्या मातीच्या ढिगावरून तुझा पाय घसरला. सकाळी सापडलास. गाय त्याच संध्याकाळी, काळोख पडायच्या आधीच, आपल्या पायांनी गोठ्यात आली होती.

आता ती गायही नाही. आई अजून म्हणते, नशिबात होतं. बाकीचे म्हणतात, पोर नोकरीत नवीन होती, तिला तरी काय ठाऊक! मी कुणालाच खोडून काढत नाही. या पत्राने काही बदलणार नाही, ते कपाटाच्या खणातच राहील. पण बाबा, दोन्ही टॅगांतला फरक मला त्या सकाळीही नीट माहीत होता. बस चुकेल म्हणून मी होय म्हटलं. बस त्या दिवशी उशिराच आली.