बिनखताचा प्लॉट

ट्रॉय, मिशिगन
९ मार्च १९८६

ती. बाबा आणि आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

मी ठणठणीत आहे हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पत्र संपेपर्यंत आईच्या जिवात जीव यायचा नाही. बर्फ वितळायला लागलाय. घरमालक विष्णूकाकांनी मला ड्रायव्हिंग शिकवायचा नाद अखेर सोडला. संध्याकाकू म्हणाल्या, निदान ह्यांचं ब्लडप्रेशर तरी शाबूत राहू दे.

आता खरी बातमी. इथल्या हॉस्पिटलात डायबेटीसवर मोठं संशोधन चाललंय आणि मी त्यात नाव दिलंय. माझ्यासारख्या, इन्सुलिनवर जगणाऱ्या तरुण मंडळींचे दोन गट केलेत. एकाला नवी कडक पद्धत: दिवसाला तीन-चार इंजेक्शनं किंवा कमरेला इन्सुलिनचा पंप, वर चार वेळा बोट टोचून रक्त तपासायचं. दुसऱ्याला नेहमीची दोन इंजेक्शनं. मग काही वर्षं सगळ्यांचे डोळे नि किडन्या तपासून कुणाचं कमी बिघडतंय ते बघायचं. गट आपण निवडायचा नाही, चिठ्ठी निघते. माझी नेहमीच्या गटाची निघाली. खट्टू झाले, खोटं कशाला बोलू? डोना म्हणून एक बस चालवणारी बाई माझ्याबरोबर होती, तिला पंप मिळाला. तिला दोनच इंजेक्शनं हवी होती, त्यामुळे तीही खट्टू.

माहितीपत्रक सोबत धाडते. बाबा, सावकाश वाचा आणि काळजी करू नका.

माया आहेच, पत्रंही येत राहोत.
तुमची,
सुमेधा

अकोला
३० मार्च १९८६

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. इकडे ऊन तापायला लागलं. तुझ्या इन्सुलिनच्या बाटल्या ज्या माठात ठेवायचो, तो तिनं परवा सवयीनं घासून खिडकीत मांडला. मग लक्षात आलं, आता बाटल्याच नाहीत.

चिठ्ठीचं मला मुळीच पटलेलं नाही. जुन्याच पद्धतीवर राहायचं होतं तर अकोला काय वाईट होतं? डोळे गेले की परत येत नाहीत, पोरी. तुझा गट बदलून मिळावा म्हणून मी त्या संशोधनाच्या डॉक्टरीणबाईंना रीतसर अर्ज केला आहे. पत्ता माहितीपत्रकावर होताच. सोबत माझा तीस वर्षांच्या नोकरीचा दाखला आणि आमच्या निवृत्त संचालकसाहेबांचं शिफारसपत्र जोडलं आहे. साहेबांचं इंग्रजी फर्डं आहे, काम व्हायला हरकत नाही.

न झाल्यास तिथलं नाव काढून टाक आणि दुसऱ्या डॉक्टरकडून नवी पद्धत सुरू कर. ही विनंती नाही, हुकूम समज.

जेवणाच्या वेळा पाळ, आमच्यावर राग धरू नकोस.
तुझा,
बाबा

ट्रॉय
२७ एप्रिल १९८६

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

बाबा, कमाल केलीत तुम्ही. परवा क्लिनिकमध्ये गेले तर डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तुमचा अर्ज, तीन शिक्क्यांसकट! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नोकरीचा दाखला बघून त्यांनी विचारलं, वडील सैन्यात होते का? म्हटलं, नाही, कापूस संशोधनाच्या फार्मवर होते. तिथं काय करायचे? आता खरं सांगणं भाग होतं. म्हटलं, कोणत्या प्लॉटला खत घालायचं आणि कोणता बिनखताचा ठेवायचा, याच्या चिठ्ठ्या काढायचे. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मला मात्र त्या साली जे झालं ते आठवलं. एका गड्याला बिनखताच्या रोपांची दया आली आणि त्यानं गुपचूप दोन टोपली शेणखत टाकलं. तुम्ही अख्ख्या हंगामाचा प्रयोग रद्द करायला लावलात आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाहीत. बाबा, आता टोपलं तुमच्या डोक्यावर आहे.

बाई म्हणाल्या, दार उघडं आहे, मी कुठल्याही दिवशी सोडून जाऊ शकते. कोणती पद्धत बरी हे त्यांनाही ठाऊक नाही. डोनाची साखर दोनदा इतकी उतरली की एकदा ती डेपोतच कोसळली. पण नवी पद्धतच बरी निघेल, असं मनातून मलाही वाटतं. डोळ्यांचे फोटो काढायचे असले की आदल्या दिवसापासून मला घास उतरत नाही. भीती वाटते, बाबा. तरी मी राहणार आहे. ज्या इन्सुलिनवर मी बारा वर्षं जगतेय, ते पहिल्यांदा कुणीतरी पुढं काय होईल ते ठाऊक नसताना टोचून घेतलंच ना? आम्ही नेहमीच्या गटातले सगळे उठून गेलो तर डोनाचा पंप कशाशी ताडून बघणार?

हुकूम मोडतेय. रागवा, पण बोलणं बंद करू नका.
तुमचीच,
सुमेधा

अकोला
२५ मे १९८६

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण पहिले आठ दिवस मी रागात होतो. तुझी आई नुसती म्हणायची, तुमचीच पोर आहे, आता भोगा.

फार्मवर पाहुणे आले की भरघोस प्लॉटपुढे फोटो काढायचे. मी त्यांना मुद्दाम बिनखताच्या प्लॉटकडे न्यायचो आणि सांगायचो, हा नसेल तर तो तुम्हाला काहीच सांगत नाही. तीस वर्षं हे भाषण दिलं. पोटच्या पोरीवर आलं तेव्हा शिफारसपत्र घेऊन धावलो. त्या गड्याला तेव्हा मी नको नको ते बोललो होतो. काल त्याच्या घरी जाऊन आलो. त्याला काही आठवत नव्हतं, चहा मात्र आग्रहानं पाजला.

तू राहा. साखरेचे आकडे दर पत्रात कळव, चांगलेच तेवढे निवडून लिहू नकोस. डोळ्यांचे फोटो असतील ती तारीख आधी कळव, म्हणजे त्या दिवशी इथं आम्हीही जेवणार नाही, तुझ्याबरोबर.

अर्ज केल्याची मला लाज वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. तू पुन्हा असंच नाही म्हण.

आहे तो जिव्हाळा असाच राहू दे.
तुझा,
बाबा