उतरलेल्या सेलवरची गाणी

बाबा, त्या मुलीने तुमचा आवाज दुरुस्त केलाय. म्हणजे तिच्या मते तो बिघडलेला होता. आपल्या ऑर्केस्ट्रा पार्टीतल्या ड्रमवाल्या काकांची ती नात. पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करते. काका गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तिला एक कॅसेट सापडली. अमरावतीच्या कॉलेजात गॅदरिंगला आपण वाजवलं होतं, तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकांनी पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेली. त्यात आपली ती तीन इंग्रजी गाणी आहेत, तिन्ही तुम्ही गायलेली. परवा ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, टेप हळू चालत होती. मूळ गाण्यांशी लावून पाहिलं आणि बरोब्बर स्पीडला आणलं." मग तिने आधी कॅसेटवरचं ऐकवलं, मग दुरुस्त केलेलं. दुसऱ्यात तुम्ही पातळ, तरतरीत, कुणा परक्या तरुण माणसासारखे वाटता. आता ती हे सगळं जगाला ऐकायला टाकणार आहे. वऱ्हाडात त्या काळी असलं संगीत कोण वाजवत होतं, हे लोकांना कळावं म्हणून. दोहोंपैकी कोणतं टाकायचं, ते मी फोन करून सांगायचं होतं.

खरं सांगू का, मला हे काम नको होतं. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालाय, घरात सगळं माझ्यावर आहे, आणि अमरावतीचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. कूलर दिवसभर घरघरतो आणि माझ्या कानांत तो बंद केल्यावरही घरघरत राहतो. कानांचं म्हणाल तर ती तुमचीच देणगी. तुमच्या त्या पेटाऱ्याएवढ्या अँप्लिफायरशेजारी मला उभी करायचात ना, त्याची फळं. पण विचारायला दुसरं आहेच कोण? आई नाही, अकॉर्डियनवाले काका नाहीत, आता ड्रमवाले काकाही गेले. पार्टीतली मीच तेवढी उरले आहे. उरणं हेही एक कामच असतं आणि त्याचा कंटाळा येतो.

टेप हळू नव्हती, बाबा. आपणच हळू वाजवत होतो. हे तिला सांगायचं म्हणजे तो रेकॉर्ड प्लेअर आला. अकोल्याच्या तुमच्या दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेला आणि परत न्यायला कधी न आलेला, सुटकेससारखा बंद होणारा, तो. त्याचा विजेवर चालायचा भाग जळलेला होता. गावभरचे रेडिओ तुम्ही दुरुस्त करायचात, पण घरातली ही एक वस्तू उद्या करतो, परवा करतो म्हणत तशीच राहिली. मग तो चालायचा सेलवर. ते मोठाले सेल पार संपेपर्यंत बदलायचे नाहीत हा तुमचा कायदा. उतरले की आई ते गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात मांडायची, संध्याकाळी परत आत. उन्हं खाऊन त्यांच्यात थोडा जीव यायचा, तेवढ्यात एक गाणं व्हायचं. मुंबईहून तुमच्या मित्राने आणलेल्या त्या दोन तबकड्या आपण असल्या मरतुकड्या सेलांवर शिकलो, तबकडी रेंगाळत फिरायची. सूरही त्यामुळे खाली घसरलेला. गिटारच्या तारा तुम्ही त्या सुराला सैल केल्या. सैल तारांचा आवाज जाडाभरडा येतो, तुमचं गाणंही तसंच जाड, छातीतून. आम्हाला वाटायचं, साहेब लोकांचं हे संगीतच असं जडशीळ असणार.

अकॉर्डियनवाल्या काकांनी तेव्हाच ओळखलं होतं काहीतरी. त्यांच्या पेटीला तो सूर सापडायचाच नाही, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी तो अडकलेला असायचा. "मास्तर, हा सूर माह्या पेटीत नाही," ते म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "मंग चहा पिऊन या." आणि ते खरंच त्या तीन गाण्यांपुरते स्टेजवरून उतरून चहा प्यायला जायचे. गावोगावी हाच शिरस्ता झाला. काका उठले की लोक समजायचे, आता इंग्रजी सुरू होणार. हिवरखेडला एकदा पहिलं गाणं संपल्यावर टाळी पडेना, सगळे नुसते बघत बसलेले. मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "बुवा, हा काहून कण्हून राह्यला? दुखते का काई?" सगळा मांडव हसला. तुम्ही सगळ्यात जास्त हसलात आणि माईकवर म्हणालात, "दुखते तं हायच, बाबाजी. तुमचं नाई दुखत का?" दुसऱ्या गाण्याला त्या मांडवात कुणी जागचं हललं नाही.

मी बास गिटार वाजवायला लागले ती लाड म्हणून नाही, नडीपायी. आधीचा मुलगा लग्न करून सुरतेला निघून गेला आणि मंडळांच्या तारखा तर घेतलेल्या. तुम्ही सुताराकडून सागवानी अंग करून घेतलंत, वर तारा चढवल्यात आणि माझ्या गळ्यात पट्टा अडकवलात. नखी म्हणून तुमच्या दाढीच्या साबणाच्या डबीचं झाकण कात्रीने कापून दिलंत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, पोरगी हाय ते. उद्या तिच्यासाठी पाव्हणे येतीन." तुम्ही म्हणालात, "येतीन तं बसतीन, आयकतीन." दुसरं काही नाही. पुढे पाहुणे आले, त्यांनी गिटारचा विषयसुद्धा काढला नाही, आणि लग्नानंतर मीही नाही काढला. शाळेत भूगोल शिकवत आयुष्य गेलं. पण त्या साबणाच्या झाकणासारखी भेट मला पुन्हा कुणी दिली नाही.

मग मी अमरावतीला शिकायला आले. होस्टेलमधल्या एका मैत्रिणीच्या मामाकडे विजेवर चालणारा चांगला रेकॉर्ड प्लेअर होता आणि आपल्यातलीच एक तबकडीही होती. ती लागली तेव्हा मी हसले. मला वाटलं, यांचंच मशीन बिघडलंय. गाणं नुसतं धावत होतं, गाणारा चिमणीसारखा वर. मामा म्हणाले, "अगं, हेच बरोबर आहे." मी दोनदा लावायला लावलं. आपण गावोगाव ऐटीत जे वाजवत फिरत होतो ते मुळात तसं नव्हतंच, आणि कॉलेजातल्या कुणाला हे कळलं तर, एवढंच माझ्या डोक्यात. लाजच वाटली मला तुमची. वय तसलंच होतं.

गणपतीत घरी आले आणि आपला कार्यक्रम पातूरला होता. तुम्हाला काही न सांगता मी स्टेजवरच लय वाढवली. ड्रमवाले काका बासच्या मागे जाणारे, तेही माझ्यामागे धावले. तुम्ही दुसऱ्या ओळीला अडखळलात, शब्द तोंडात मावेनात. तुम्ही गाणं थांबवलंत. एवढ्या लोकांसमोर माईक बाजूला न करता म्हणालात, "काहून पळून राह्यली वं? येष्टी सुटून चालली का आपली?" लोक हसले. मी तिथेच म्हणाले, "बाबा, गाणं तसंच हाय. आपुनच हळू वाजवून राह्यलो." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि गाणं परत पहिल्यापासून, आपल्या लयीत सुरू केलंत. मला यावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण स्वयंपाकघरात जेवायला बसलो आहोत. आई भाकरी थापतेय. मी सगळं सांगते, मामांचं मशीन, ती तबकडी, सगळं. तुम्ही ऐकून घेता, ताटावरून तसेच उठता, दुकानात जाऊन नवे सेल घेऊन येता. आई म्हणते, "मी तं कधीची म्हणून राह्यली, नवे सेल आणा." तुम्ही खाली मांडी घालून ते भरता, तबकडी लावता. गाणं धावत सुटतं. तुमचे कान लाल होतात, ते मला अजून दिसतात. आईचा भाकरीवरचा हात थांबतो. ती तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघते आणि त्या नजरेत राग आहे. गाणं संपतं. तुम्ही म्हणता, "लय घाई हाय बुवा त्यायले. कुठं जाचं हाय एवढं, कोन जाने." मग एकेक सेल काढून तुम्ही आईच्या हातबॅटरीत घालता आणि जुने परत मशीनमध्ये. "थे त्यायचं. आपलं हे असू दे," म्हणून हात धुता. भाकरी तशीच अर्धी राहते.

पार्टी मोडेपर्यंत आपण तसंच वाजवलं. अमरावतीचं ते गॅदरिंग याच्या नंतरचं, म्हणजे त्या कॅसेटवर तुम्ही सगळं ठाऊक असूनही तसं गाताय. तो तुमचा हट्ट होता, आवड होती, की पुन्हा पहिल्यापासून शिकायचं जिवावर आलं होतं, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. तेव्हा वाटायचं हट्ट. आता स्वतःचं वय झाल्यावर वाटतं, तुम्ही दमला असाल. दिवसभर दुकानात मान खाली घालून बसायचं, आणि मग मुलगी येऊन सांगते की जे जमलं होतं तेही चुकीचं होतं. पण त्या पोरीने कॅसेट लावली, तेव्हा दमलेला माणूस असा गात नाही असंही वाटलं. मला नाही ठरवता येत, बाबा.

आज सकाळी तिला फोन केला. आधी नुसतं म्हणाले, "कॅसेटवरचंच ठेव, टेप बरोबर आहे." तिला पटेना. "आजी, पण सूर चक्क दोन पट्ट्यांच्या मधे येतो, असं मुद्दाम कुणी लावत नाही हो." मग सांगावं लागलं. मशीनचं, उतरलेल्या सेलांचं, कुरडयांचं, चहा प्यायला जाणाऱ्या काकांचं. ती इतकी हसली की तिला बोलता येईना. वाईट मनाने नाही हसली, पोर चांगली आहे. मग म्हणाली, "आजी, हे सगळं मी खाली लिहिणार हं, लोकांना लई आवडेल." मी नको म्हटलं नाही. सेलांचं खोटं म्हणाले तर ती दुरुस्त केलेलं टाकणार आणि तुमचा आवाज जातो, आणि आवाज ठेवायचा तर तुमची फजिती जगजाहीर होते. जन्मभर तुम्ही बाहेर कुणाला सेलांचं कळू दिलं नव्हतं, मी पाच मिनिटांत सांगून टाकलं. दुसरं कुठेच नाहीये हो तुमचं बोलणं-गाणं. दुनियेचे टेपरेकॉर्डर तुमच्या हाताखालून गेले आणि एकात तुम्ही दोन शब्द भरून ठेवले नाहीत. फोटो आहेत, त्यांना तोंड नाही.

शेवटी तिने विचारलं, "नक्की ना आजी? हाच तुमच्या बाबांचा आवाज?" मी म्हणाले, "नक्की. माझ्या बापाचा आवाज मी ओळखणार नाही का?" तिने लगेच हो म्हटलं, टाकतेच म्हणाली.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत म्हणूनच लिहितेय. परवा तिने दोन्ही ऐकवलं तेव्हा मी डोळे मिटून ऐकत होते. तिला वाटलं मला रडू आलं, तिने पाणी आणून दिलं. मी रडत नव्हते. मी शोधत होते. पहिल्यांदा जाड आवाज तुमचा वाटला, मग पातळही थोडा तुमचा वाटला, आणि पुन्हा लावायला सांगितलं तेव्हा दोन्ही कुणा तिसऱ्याचेच. जाड आवाजाबरोबर माझी बोटं मात्र मांडीवर आपोआप हलायला लागली, एकही जागा न चुकता, म्हणून मला कळलं की खरं गाणं तेच. मी बोटांवर विश्वास ठेवून हो म्हणाले. तुमचा आवाज मला आठवत नाही, बाबा.