राख किती पाण्यांनी धुवायची

कमलेशा, चष्मा कपाळावर आहे, तो आधी डोळ्यांवर घे. घरभर शोधत फिरू नकोस. हा कागद कुठे ठेवलास तेही विसरशील, म्हणून दुसरी प्रत शिवदास गवंड्याकडे दिली आहे.

मी, मनुबाई चांगदेव बिरवाडकर, वय अंदाजे एक्याऐंशी, धंदा कुंभारकाम, राहणार दिवेआगर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्या रागाने हे मृत्युपत्र सांगते. लिहिते शेजारची नूतन. मला अक्षर येत न्हाय, राख येते.

एक. घर, पडवी आणि वादळातून वाचलेले दोन माड मुलगा कमलेश यास. पडवी त्याला लागतेच. पेपरवाले आले की तिथेच बसून तो सांगतो, "वडिलांच्या वहीतून ही निळ्या लाद्यांची कला मी परत उभी केली." अरे, तुझा बाप सहीपुरतं शिकलेला. वही कसली ठेवतोय? त्याने लादीवरचं फूल कोरलं, ते त्याचंच. पण मुंबईच्या त्या जुन्या वाचनालयाच्या व्हरांड्यातल्या लादीचा फुटका तुकडा समोर ठेवून अकरा भट्ट्या मी वाया घालवल्या, तेव्हा कुठे तो निळा जुळला.

दोन. भट्टी, साचे, पाटा आणि राखेची मडकी सून सुचिता हिला. कमलेशचा त्यावर हक्क नाही. कारण लिही, नूतन, मोठ्या अक्षरात.

माझा नमुना पसंत पडला, अख्ख्या व्हरांड्याचं काम मिळालं, वाचनालयाचे साहेब लोक पडवीत आले. झिलईत घालायची भाताच्या तुसाची राख किती पाण्यांनी धुवायची ते मी सांगणार, तोच हा म्हणाला, "आई, तू आत जा, चहा ठेव." मी आत गेले. सुचिता म्हणाली, "आई, सांगा की त्यांना." मी म्हटलं, "त्याने विचारलंय का?" तो माझा हट्ट, कबूल. पण नंतर वर्षभर भट्टी पेटत होती, तेव्हाही त्याने विचारलं नाही. राख न धुताच झिलईत घातली. पहिल्या पावसाळ्यात झिलईचे पापुद्रे निघाले. तेव्हा हा साहेबांना काय म्हणाला? "आईची राख खराब होती."

शिवदासने एक लादी उपटून मला आणून दाखवली. माझ्या लादीच्या पाठीवर ओल्या मातीत माझा अंगठा असतो. हिच्या पाठीवर कमलेशच्या नावाचा शिक्का. बरं झालं. अब्रू वाचली.

तीन. कमलेशला मिळालेली सत्काराची शाल माझ्या अंगावर घालू नये. टोचते.

चार. येत्या पावसाळ्याआधी लाद्या बदलल्या नाहीत तर वाचनालयवाले कारखान्याच्या छापील लाद्या बसवणार आहेत. तसं होऊ द्यायचं नाही. सुचिताने सगळ्या नव्याने भाजाव्यात. पाठीवर तिचा अंगठा. तिला सही येते, तरी अंगठाच. राख वाहायला, भट्टीत लाकूड घालायला कमलेश. किती पाणी ते सुचिताला हात धरून शिकवलं आहे. इथे लिहायचं नाही. नूतन, पेन खाली ठेव.

ठेवलंस? आता पुढे लिही.

पाच. कमलेशला आकडा हवा असेल तर त्याने बायकोला विचारावं. चारचौघांत, साहेब लोकांसमोर. तिने सांगावा. मी अडवणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दोनदा ऐकला. राग कागदावर बरोबर उतरला आहे.

मनुबाई चांगदेव बिरवाडकर, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: शिवदास गवंडी (सही), रावजी पाटील (सही)
लिहिणार: नूतन
दिवेआगर, १४ नोव्हेंबर २०२५

अंगठा उठवल्यावर सांगितलेलं: नव्या लाद्या बसतील त्या दिवशी गवंड्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी पाठवा, सोमवार असेल तर वालाचं बिरडं. डबा कमलेशने न्यावा. तिथे साहेबांशी बोलत उभा राहिला, तर सुचिताने त्याला सांगावं, "तुम्ही आत जा, चहा ठेवा." साखर बेताची.