मिठाची प्रमाणित चिमूट आणि झोपेचा साक्षीदार

ती. ताईस,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली मला एवढाच नमस्कार झेपतो, कारण त्यात आडवं पडायचं असतं आणि मी आधीच आडवा असतो. वाकून करायचा नमस्कार बरा झाल्यावर करीन.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या गॅलरीतला तो चिडका पोपट सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. इकडचं विचारशील तर मी आहे तसाच आहे, आणि माझ्यामुळे ही मात्र होती तशी राहिलेली नाही.

तुझं पत्र पोचलं. एक तारखेला तू येतेस, पंधरा दिवस राहतेस, पहिल्या दिवशी मला एक किलोमीटर चालवतेस आणि पंधराव्या दिवशी पाच, आणि मग झोप कशी येत नाही तेच बघतेस, असं तू लिहिलंयस. माझ्या मापाचे बूट आणि तुझी शिट्टी सोबत आणतेस हेही वाचलं. बत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेल्या बाईकडून याहून कमीची अपेक्षा मी करत नाही. फक्त एक तारखेच्या आधी हे पत्र तुझ्या हाती पडावं आणि तू ते शेवटपर्यंत वाचावंस, एवढ्यासाठी माझी धडपड चालली आहे. (तू पत्रं अर्धी वाचून उत्तरं लिहितेस हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पोपटालाही असावं.)

माझ्या दुखण्याचं नाव लांबलचक आहे. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून दिलंय, पण ते पूर्ण म्हणेपर्यंत मी दमतो. अर्थ एवढाच, की दमणूक येते आणि जात नाही, आणि झेपतं त्यापेक्षा जरा जास्त काही केलं की त्याची शिक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. आता एवढा दमलेला माणूस उशीला टेकला की घोरायला लागेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण इथे अंग पोत्यासारखं पडलेलं असतं आणि डोकं मात्र पाहुणे यायचे असल्यासारखं आवराआवर करत बसतं. हिने त्यावर आपल्या परीने इलाज केला. ती दुकानासाठी पडदे शिवते हे तुला ठाऊक आहेच. माझ्या खोलीला तिने जाड काळ्या कापडाचे तिपदरी पडदे शिवून लावले. त्यामुळे हल्ली भर दुपारी मला माझेच पाय चाचपून शोधावे लागतात. झोप तेवढी आलेली नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी झोपेची वही ठेवायला सांगितली. तिच्यात एक रकाना होता: झोप किती वाजता लागली. आता तूच सांग, बावीस वर्षं मी वजनमापं तपासायच्या खात्यात आहे. दुकानदाराचा तराजू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी त्यावर एकदाही शिक्का मारलेला नाही. मग जी झोप लागताना मी पाहिलीच नाही, तिची वेळ मी कशी लिहू? (पाहिली असती तर ती लागलेली नसती.) सलग नऊ दिवस मी त्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘पाहिले नाही’ असं लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि साक्षीदार नेमा म्हणाल्या.

साक्षीदार म्हणून हिची नेमणूक झाली. ही उशाशी खुर्ची टाकून, मांडीवर घड्याळ आणि हातात बॅटरी घेऊन बसली. दिवसभर मशीनवर मान मोडून काम केलेली बाई, चौथ्या मिनिटाला तिची मान खाली आणि घोरणं सुरू. मी टक्क जागा. म्हटलं, झोपेचा रकाना रिकामा ठेवायचं आता काही कारण उरलेलं नाही. समोर धडधडीत झोप चालली आहे, आणि ती मी स्वतः पाहतोय. मी वही ओढून लिहिलं: दहा वाजून चार मिनिटांनी झोप लागली, सव्वाबाराला कूस बदलण्याचा प्रयत्न (खुर्चीमुळे असफल), पहाटे सहाला जाग. पंधरा दिवसांत वही इतकी सुरेख भरली की डॉक्टरीणबाई वाचता वाचता हसायलाच लागल्या. औषध लागू पडलं म्हणाल्या, माझं अभिनंदन केलं, वही दुसऱ्या पेशंटांना दाखवू का म्हणून विचारलं. शेवटी हिनेच सांगून टाकलं, ‘अहो, ती झोप माझी आहे.’ डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि मिठाचा विषय काढला.

माझं ब्लडप्रेशर मी उभा राहिलो की खाली बसतं. घेरी येते, कान वाजतात, भिंत धरावी लागते. त्यासाठी रक्त तपासून त्यांनी क्षारांची एक पुडी लिहून दिली, आणि वर पाण्याच्या प्रत्येक बाटलीत दोन चिमूट मीठ, दिवसभर घोट घोट. (तू हे चुकूनसुद्धा करू नकोस. तुझं ब्लडप्रेशर चढं आहे आणि तुझ्या ताटातलं मीठ आम्ही सगळ्यांनी भांडून काढलंय. ते माझ्या वाट्याला आलं असं समज.) मी विचारलं, दोन चिमूट म्हणजे कुणाच्या? त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. ताई, मी थट्टा करत नव्हतो. ज्या मापाला वजन नाही ते माप मी जन्मात चालू दिलेलं नाही, आणि आता ते माझ्याच पोटात जाणार होतं.

घरी येऊन मी माझा छोटा तराजू काढला. ही मीठ धरते ते पडद्याची चुणी धरावी तसं, दोन बोटांच्या टोकांनी. भरली तीनशे दहा मिलिग्रॅम. माझी साडेपाचशे. शेजारच्या गवंडीकाकांना बोलावलं, त्यांची चिमूट भरली अडीच ग्रॅम, आणि कमी पडली का, अजून घालतो, असं ते म्हणाले. टपाल आणणाऱ्या बाईंनी अंगठा जिभेला लावून मीठ उचललं, सबब तो नमुना बाद. शेवटी मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी दिवसभराचं मीठ ग्रॅममध्ये सांगितलं आणि मी आभार मानायच्या आत फोन ठेवला. त्यावरून मी चारशे मिलिग्रॅमची प्रमाणित चिमूट ठरवली, तिचा रीतसर दाखला तयार केला आणि ओट्याच्या वर चिकटवला. दोन दिवस तो तिथे होता. तिसऱ्या दिवशी हिच्या शिलाई मशीनचा डुगडुगता पाय एकदम स्थिर झाला. दाखला चार घड्या घालून कुठे गेला ते मी विचारलेलं नाही.

इथवर तू हसली असशील तर बरंच झालं. पुढचंही हसण्यासारखंच आहे, निदान सुरुवातीला. माझी रजा वाढवायची की नाही ते ठरवायला साहेब स्वतः घरी आले. मंगळवार होता, सकाळचे अकरा. माझ्या दिवसात अकरा ते पावणेएक एवढाच तुकडा बरा जातो आणि साहेब नेमके त्यात सापडले. समोर तराजू मांडलेला, मी त्यांना चिमटीचं प्रकरण सांगितलं, त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या. दीड तास आम्ही दोघं मीठ मोजत होतो. साहेबांनी डाव्या हाताचीही चिमूट घेतली. जाताना त्यांनी अहवालात लिहिलं: कर्मचारी उत्साही, हात स्थिर, कामावर हजर होण्यास योग्य.

ते गेले, आणि बुधवारपासून मी आठ दिवस पडून होतो. अतिशयोक्ती नाही. कंगवा उचलवत नव्हता. ही बाटलीत नळी घालून मला प्रमाणित खारट पाणी पाजत होती, आणि दाराची कडी वाजली तरी मला रडू येत होतं. पुढे डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर रजा मिळाली, तो भाग सोड. सांगायचं ते वेगळंच आहे. ते आठ दिवस हिच्याखेरीज कुणी पाहिले नाहीत. काळोखात पडलेल्या माणसाला भेटायला कुणी येत नाही. येतात ते अकरा वाजता, आणि बाहेर जाऊन सांगतात की आम्ही पाहिलं, चांगला ठणठणीत आहे.

लहानपणी तू मला लोळ्या म्हणायचीस ते बरोबरच होतं. तेव्हा मी आवडीने लोळायचो, तू पाय धरून ओढायचीस आणि मी उठायचो. आता ओढलंस तर उठेनही कदाचित, एक दिवस. त्याची किंमत मला पुढचा महिनाभर द्यावी लागेल. मला चालायची भीती नाही, शिट्टीचीही नाही. (शिट्टीची थोडी आहे.) मला भीती वाटते ती, तू मला अकरा वाजता बघशील आणि साहेबांसारखं म्हणशील याची. साहेब म्हणाले तर मी डॉक्टरांची चिठ्ठी देऊ शकतो. तू म्हणालीस तर मलाच ते खरं वाटायला लागेल.

भावोजींना नमस्कार, पोपटाला जपून.

तुझा
लोळ्या

ता. क. एवढं लांब पत्र लिहितो म्हणजे बराच असणार, असं तू आत्ता म्हणालीस. मला इथे ऐकू आलं. हे पत्र एकोणीस दिवस चाललंय. चिमटीचा मजकूर सहा दिवसांचा आहे, आणि साहेब घरी येतात तिथपासूनचं अक्षर हिचं आहे ते तू ओळखलं असशीलच. मी डोळे मिटून सांगतो, ही लिहिते.

ता. क. दुसरा. येऊ नकोस असं लिहायलाच मी हे पत्र सुरू केलं होतं. ते तेवढं लिहवत नाही. तू ये. पंधरा दिवस नुसती माझ्या उशाशी बस आणि चार वाजता मी कसा असतो ते बघ. बूट आण, ते घालून मी पडून राहीन. शिट्टी मात्र

ता. क. तिसरा. वन्सं, नमस्कार. शिट्टी मात्र म्हणून हे थांबले. पुढचा शब्द आठवत असतील असं वाटून मी पेन धरून बसून राहिले. मग बघितलं तर झोपलेत. तोंड उघडं आहे. वाक्य पुरं करायला मी काही त्यांना उठवत नाही, पुढचं तुम्हीच ओळखा. आलात की बेल वाजवू नका, मागच्या दाराने या. आणि माझी चिमूटच चालेल असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, ते ह्यांनी लिहिलेलं नाही. वही आता माझ्याकडे आहे. झोप लागली, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. साक्षीदार या खेपेला जागी होती.