गाळलेले नववे रीळ

मी, कमळाकर जनू म्हात्रे, वय ६८, पेणच्या थिएटरातला निवृत्त ऑपरेटर. माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण मालकांचे होते, ते नोकरीबरोबर संपले.

१. खाडीकाठचे घर आणि पोस्टातली शिल्लक मुलगी दर्शना, जी गडबला दिली आहे, तिची. मुलगा मितेश धाटावला कंपनीत आहे, रोह्यात त्याचा ब्लॉक आहे. त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा याची शिफ्ट कधी सुटलीच नाही. त्याला भिंतीवरचे घड्याळ द्यावे.

२. फिल्म तोडण्या-जोडण्याची माझी कात्री कोणालाही देऊ नये. खाडीत टाकावी. कारण सांगतो.

आमच्या गावची माणसे कान्हूच्या होडीने तीनच्या खेळाला येत. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी लवकर लागे, होडी चिखलात रुते. म्हणून मालक हैबतरावांचा हुकूम होता, त्या दिवशी एक रीळ, म्हणजे दहा मिनिटांचा खेळ, गाळायचे. मी मशीनशेजारी पंचांग टांगले होते. एका चित्रपटाचे नववे रीळ मी असेच गाळत गेलो, याच कात्रीने आठव्याला दहावे जोडून. दहाव्यात नायिका एकदम पांढऱ्या साडीत. माझी बायको बायजा दोनदा आली, दोन्ही वेळा अमावास्या. पुढे तीस वर्षे विचारायची, "तिचा नवरा मेला कसा ओ?" मी म्हणायचो, "थेटरातच बघ गो." सांगितले असते तर काय बिघडले असते?

दहा वर्षे बंद पडलेले थिएटर ९६च्या दिवाळीत डागडुजी करून जुन्या चित्रपटांसाठी उघडले. पहिला खेळ त्याच चित्रपटाचा. बायजा नवे लुगडे नेसून माझ्या शेजारी बसली. भाषणे लांबली, पाहुण्यांना अलिबागला जायचे होते. हैबतराव वाकून मला म्हणाले, "कमळाकर, यातलं कुठलं गाळायचास रे?"

मी म्हणालो, "नववं."

तोंडातून निघून गेले. मालकाने विचारले की उत्तर द्यायचे, एवढेच मला येत होते. बायजाने माझ्याकडे पाहिले. "तुमीच सांगितलंत?" एवढेच बोलली. नववे गाळून दहावे लागले, ते तिने खाली मान घालून काढले. त्यानंतर तिने कधी विचारले नाही. मी आपणहून सांगायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." चैत्रात ती गेली.

३. हैबतरावांना माझा फोटो थिएटरच्या भिंतीवर लावायचा आहे, खाली 'इमानी सेवक' लिहून. फोटो देऊ नये. मेल्यावर तरी मला त्यांच्या नोकरीवर ठेवू नका. त्यांना मी माफ केलेले नाही, स्वतःलाही नाही.

हे सर्व मी वाचून, समजून सही करतो.

कमळाकर जनू म्हात्रे
पेण, १४ फेब्रुवारी १९९८

साक्षीदार:
१. विमलबाई पाटील, शेजारीण (सही)
२. कान्हू ठाकूर, होडीवाला (अंगठा). यांना वाचून दाखवले. आपले म्हणणे खाली लिहावे असे त्यांनी सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत: "धा मिंटं मी होडी थांबवली असती. मला कुनी इचारलंच नाय."