काय पाहिजे ते सांगा

माय, मी आता लोकांचा बाजार करते. म्हणजे गंगाखेडात ज्यांना बाजारात जाणं होत नाही, कोणाचे गुडघे गेलेत, कोणाचं लेकरू लहान आहे, कोणी नवरा-बायको दोघंही नोकरीला आहेत, त्यांनी मला मोबाईलवर यादी पाठवायची आणि मी किराणा, भाजी, दळण, गोळ्या-औषधं, जे असेल ते निवडून स्कुटीवर त्यांच्या दारात नेऊन द्यायचं. ह्याचे लोक पैसे देतात. आधी मलाही खरं वाटत नव्हतं. तुझे जावई तर म्हणाले होते, "लोकांची वांगी निवडायला कोण पैसे द्यायलंय तुला?" आता तेच सकाळी ज्वारीची थैली गाडीवर चढवू लागतात. तुला वाचता येत नव्हतं, तरी मी हे लिहिते आहे, कारण ह्या धंद्यात पडल्यापासून मला तुझ्याबद्दल रोज एक नवा प्रश्न पडतो आणि विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

सुरुवात घरमालकिणीपासून झाली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी माझ्या भाजीबरोबर तिचीही आणायला लागले. पहिल्याच आठवड्यात मी तिला जाड, फिक्या रंगाच्या मिरच्या नेऊन दिल्या. तिनं एक मोडली, वास घेतला आणि म्हणाली, "मिरच्या आणल्यास का भेंड्या? ठेचा कशाचा करू आता?" मी चिडले, माझा राग तसा नाकाच्या शेंड्यालाच असतो, तुला माहीत आहे. पण परत गेले आणि बारीक, काळपट हिरव्या आणून दिल्या. तेव्हा कळलं, की यादीत नुसतं 'मिरची' असतं आणि घराघरातली मिरची वेगळी असते. मग मला नादच लागला. एक मास्तर आहेत, त्यांना बटाटे सगळे एका मापाचे लागतात, नाहीतर सोलताना राग येतो म्हणतात. एका आजोबांना सहा केळी लागतात, दोन आजची, दोन उद्याची आणि दोन परवाची. एक बाई कोथिंबीर मुळ्यांसकटच घेतात, मुळ्या कापलेल्या दिसल्या की जुडी परत. मी वहीत प्रत्येक घराचं एक पान केलं आहे आणि हे सगळं त्यात लिहून ठेवते. घरं वाढली तसं कार्ड छापायचं ठरलं. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, "ताई, नावाखाली काय टाकू?" मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "काय पाहिजे ते सांगा, मी आणून देते." तो म्हणाला, झकास. मलाही वाटलं, सुचलं की आपल्याला काहीतरी.

आपल्या घरचा बाजार आबा करायचे. ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी सकाळी भाकरी खाऊन, सायकलला दोन थैल्या अडकवून जायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. आपल्याकडच्या बायका बाजारात जात नाहीत, हे मला इतकं लहानपणापासून ठाऊक होतं, की का जात नाहीत हे विचारायचं सुचलंच नाही. शेतात जायच्या, लग्नाला जायच्या, देवाला जायच्या, बाजारात नाही. तू त्या गावात सगळा जन्म काढलास आणि दोन कोसांवरचा बाजार पाहिला नाहीस. पण थैली जमिनीवर पालथी केलीस, की तू बाजार ओळखायचीस. मेथी टवटवीत असली तर म्हणायचीस, "आज येळेवर पोचलेत." टमाटे दबलेले असले तर, "हाटेलात बसून गप्पा झाल्यात, थैली कुणाच्या तरी पायाखाली व्हती." आबा मिशीतल्या मिशीत हसायचे, कारण ते खरं असायचं.

मी लहान होते तोवर आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून बाजारात न्यायचे. परत आले की तू मला चुलीजवळ बसवून घ्यायचीस. हे लिहिताना ते समोर दिसतं आहे. तव्यावर भाकरी आहे, तुझ्यापुढं काटवट आहे, आणि तू काटवटीतल्या कोरड्या पिठात बोटानं एक रेघ ओढतेस. "ही वाट समज. मिरच्यावाले हिकडं बसतेत का तिकडं?" मी सांगते. तू तिथं एक टिंब देतेस. "अन् गूळ? बांगड्यावाली कुठं बसती? भजी कोणत्या कोपऱ्यात तळतेत?" मी दाखवते. तू जरा विचार करतेस आणि म्हणतेस, "मग भज्याचा वास बांगड्यावालीपस्तोर येत आसंल." येतो, मी म्हणते. मला भूक लागलेली आहे आणि कंटाळा आलेला आहे. तू पाणी ओतून पीठ मळायला घेतेस आणि सगळा बाजार गोळ्यात जातो. एकदा मी म्हणाले, "माय, तूच ये की एक डाव." तू भाकरीवरची नजर न काढता म्हणालीस, "गप बस. आबाच्या म्होरं आसलं बोलू नको." तुझा आवाज चिडल्यासारखा होता, पण तू भाकरी उलटायची विसरलीस, एवढं मला आठवतं.

मला आता विचारायचं आहे ते असं: थैली पालथी करताना तुझ्या मनात काही असायचं का? ह्यातून अमुक निघावं, असं? आबांना भरलं वांगं लागायचं, मला बटाटा, भावाला भेंडी. तुला काय लागायचं? मी वहीत तुझंही एक पान केलं. लोकांची पानं भरून वाहतात, कोणाला काय बाधतं इथपर्यंत मला माहीत असतं. तुझ्या पानावर मी 'बारीक मिरची' लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. बाकी पान कोरं राहिलं. गिऱ्हाइकांच्या आवडी पाठ असलेल्या बाईला आईची आवड माहीत नाही, हे कळल्यावर मला लाज वाटली आणि खरं सांगू, थोडा तुझा रागही आला. तू सांगितलं का नाहीस?

हिवाळ्याच्या सुरुवातीला एक आजी गिऱ्हाईक झाल्या. नवरा वारला आहे, घरात एकट्याच. मुलगा पुण्याला असतो, यादी तो पाठवतो आणि मी माल आजींना नेऊन देते. ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंदं, किवी. मुलगा चांगला आहे, आईची काळजी आहे म्हणूनच पाठवतो. त्याच्याच ओळखीनं मला आणखी चार घरं मिळाली. पण दीड महिन्यात आजी वाळून काडी झाल्या. मी एकदा आत जाऊन पाहिलं, तर ओट्सची पाकिटं न फोडता एकावर एक रचलेली, सफरचंदांना सुरकुत्या पडलेल्या, आणि किवी त्यांनी देवापुढं ठेवलेली. ते केसाळ फळ खायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. त्या चहात भाकरी कुस्करून खात होत्या. मुलाचा मला फोन आला. "तुम्ही यादीतलंच आणता ना? मग आई खात का नाही? असंच चाललं तर मी तिला इकडं घेऊन येतो." मी आजींना सांगितलं. त्यांचे डोळे भरले. "मला न्हाई जायचं पुण्याला. सातव्या मजल्यावर मी काय करू गं? हितं दारात बसलं तर चार माणसं तरी बोलतेत."

मी वही उघडली आणि विचारलं, "मग आजी, तुमाला काय आवडतं ते सांगा. मी तेच आणते."

"मला इचारायलीस व्हय?" त्यांनी मागं वळून पाहिलं, जसं काही मागं दुसरं कोणी उभं आहे. "काय की बाई. हे आणायचे, मी रांधायची. थैलीतून निघंल ते." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाजार लय मोठा झालाय म्हणतेत. खरं का गं?"

माय, माझ्या जिभेवर कार्डावरचं वाक्य आलं होतं. काय पाहिजे ते सांगा, मी आणून देते. ते तिथंच अडकलं. कारण त्या क्षणी मला आठवलं, की ते वाक्य मला छापखान्यात सुचलेलं नाही. ते मी त्याआधी एकदा बोलले होते, कोणाला ते तुला माहीत आहे. मी वही मिटली आणि म्हणाले, "चला, बघून येऊ."

त्यांनी इस्त्रीचं लुगडं काढलं, पावडर लावली, लग्नाला निघाल्यासारखं कुलूप तीनदा ओढून पाहिलं. स्कुटीवर आडव्या बसल्या आणि माझा खांदा असा धरला, की दोन दिवस दुखत होता. बाजारात अर्धा तास त्यांनी काही घेतलंच नाही. नुसत्या हिंडल्या. प्रत्येकाला विचारलं, "गाव कोणतं तुमचं? सोनपेठाकडचे का? पाणी हाय का औंदा?" मीही तुझ्यासारखीच, मला कोण कुठं काय विचारतं हे ऐकायची हौस, त्यामुळं मागं मागं चालत राहिले. मग त्या वांग्यांच्या ढिगापुढं उकिडव्या बसल्या आणि एकेक वांगं दाबून पाहायला लागल्या. भाजीवाली ओरडली, "आजी, बघायला कोण नगं म्हणलं? पण नखं नका लावू!" आजी एवढ्या हसल्या, की त्यांना खोकला आला. वांगी घेतलीच नाहीत. पुढं शेपू दिसला, तर दोन जुड्या उचलून नाकाशी धरल्या आणि डोळे मिटले. "ह्यांना वास चालायचा न्हाई. लगीन झाल्यापसून घरात आला न्हाई हा. माहेरी मी पातेलंभर खायची." चार जुड्या घेतल्या. मग भज्याच्या कढईजवळ एका उलट्या कॅरेटवर बसून त्यांनी गरम भजी खाल्ली. तोंड पोळलं, हा हा करत म्हणाल्या, "घरी आणली की भज्याचं निस्तं बेसन व्हतं बघ." मला काटवटीतलं ते टिंब आठवलं. गरम भजी मी कोणाच्या दारात कशी नेऊन देणार? बाजारात असंही काही असतं जे आणून देता येत नाही, हे मला धंदा करूनही कळलं नव्हतं.

त्या दिवशी मी यादीतलं काही आणलं नाही आणि मुलाला सगळं स्वतःच कळवलं. त्याचा लगेच फोन आला, चांगलाच तापला होता. "शेपू? आणि तिला त्या गर्दीत नेलंत? पडली असती तर जबाबदार कोण?" त्याचं चूक नव्हतं. मी म्हणाले, पडल्या असत्या तर मीच. हे घर गेलं, आणि ह्याच्यामागं ती चार घरंही जाणार, असं मी धरून चालले. तुझ्या जावयांना सांगितलं तर म्हणाले, "तू सामान पोचवतीस का माणसं, एकदा ठरव." पण दुसऱ्या दिवशी मी आजींकडं गेले तेव्हा शेपूचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. मी त्याचा फोटो मुलाला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. उत्तर आलं नाही. पुढच्या बाजाराला त्याची यादी आली. वर ओट्स होतेच. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'बाकी आईला विचारा. हळू चालवा.'

आता बाजारच्या दिवशी मी आधी आजींना घेऊन जाते आणि मग बाकीच्या घरांच्या याद्या घेऊन फिरते. त्यांच्या पानावर जागा उरलेली नाही. ह्या आठवड्यात त्यांनी अंबाडी घेतली, शिजवली आणि म्हणाल्या, "न्हाई गं, ही मला न्हाई आवडत." सत्तरीच्या पुढं ह्यांना कळलं, काय आवडत नाही ते. मला त्याचं इतकं नवल वाटलं, की घरी येईपर्यंत मी हाच विचार करत होते, तुला काय काय आवडलं नसतं.

कार्डं संपत आली आहेत. छापखान्यातला विचारत होता, तेच ठेवू का. मी म्हणाले, ठेव. ते वाक्य चांगलं आहे, लोकांना उपयोगाचं आहे. तुझ्याशी बोलले ती वेळ चुकीची होती.

आबा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी पंचमीला आले होते, नवी स्कुटी घेऊन. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. तू ओसरीत बसली होतीस. आधी उठून स्कुटीच्या सीटवरून हात फिरवलास, मग म्हणालीस, "आता तुझी गाडी हाय. मला एक डाव बाजारात नेतीस का?" मी म्हणाले, "माय, तिथं काय बघायचंय, नुसता चिखल. तुला काय पाहिजे ते सांग, मी आणून देते." तू सीटवरचा हात काढून घेतलास आणि म्हणालीस, "मग कोथिंबीर आण." पुढची पंचमी तुला मिळाली नाही.

हे मी वहीत तुझ्याच पानापासून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता पुढची चार पानं भरली, म्हणून ते वहीतच राहील. वर 'बारीक मिरची' खोडून मी लिहिलं आहे, 'बाजार बघायचा होता.' एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की त्या दिवशी मी घाईत होते, परत गंगाखेडला निघायचं होतं, लेकरं वाट पाहत होती. तसं नव्हतं. मी कोथिंबीर आणली, तुझ्यापुढं ठेवली आणि ओसरीत चटई टाकून संध्याकाळपर्यंत झोपले. मला त्या दिवशी दुसरं काहीच काम नव्हतं, माय.